मागच्या खोलीतली हवा

मी शाळेत विज्ञान शिकवते. नवा पाठ सुरू करण्यापूर्वी आज काय शिकायचे आहे आणि काय नाही, हे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिण्याची मला सवय आहे. त्याच सवयीने सुरुवातीलाच सांगते, की या लेखात फुप्फुसाच्या कर्करोगाची वैद्यकीय माहिती नाही. ती तुमचे डॉक्टर अधिक चांगली देतील. येथे आहे ते एक घर, त्या घरातील एक खोली, त्या खोलीत राहिलेली माणसे आणि माझा आजार.

हा लेख बरी झाल्यावर लिहायचा असे मी ठरवले होते. आता ती वाट पाहणे शहाणपणाचे वाटत नाही, म्हणून आधीच लिहीत आहे.

खोली

दुबईच्या उंच इमारती मागे टाकून उत्तरेकडे निघाले की आधी वाळू लागते आणि मग रस्ता डोंगरात शिरतो. तेथील एका लहानशा वस्तीत आम्ही राहतो. माझा नवरा श्रीकांत जवळच्या दगडखाणीत इंजिनीअर आहे. मी खालच्या गावातील शाळेत शिकवते. आमची मुलगी सई यंदा बारावी झाली. वस्तीचे नाव मुद्दाम देत नाही. ते का, हे पुढे कळेल.

घर कंपनीने भाड्याने घेऊन दिलेले. उतार कापून बांधलेले असल्यामुळे मागची खोली अर्धी डोंगरात आहे. तिच्या दोन भिंतींपलीकडे सरळ खडक. बाहेर अंगाची लाही होत असताना ती खोली माठासारखी गार असे. साहजिकच ती आम्ही सईला दिली. ती बालवाडीच्या दुसऱ्या वर्गात असल्यापासून तेथेच झोपत आली. दुपारी शाळेतून आल्यावर मीही तेथेच बसून वह्या तपासत असे, मुलांच्या शिकवण्या घेत असे आणि मग थोडी आडवी होत असे. खाणीच्या खडीची बारीक धूळ आत येऊ नये म्हणून श्रीकांतने खिडकीच्या चौकटीला चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावली होती. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे, "काय मस्त खोली आहे हो तुमची!"

निदानाचा दिवस

खोकला सुरू झाला तेव्हा धुळीचे वारे सुटले होते आणि वस्तीतील प्रत्येक जण खोकत होता. बाकीच्यांचा थांबला. माझा राहिला आणि उजवा खांदाही दुखू लागला. खालच्या दवाखान्यातून दुबईच्या रुग्णालयात, एका क्ष-किरण छायाचित्रातून दुसऱ्याकडे, आणि शेवटी फुप्फुसातील तुकडा तपासायला, असा तो प्रवास झाला. मध्ये प्रत्येक टप्प्यावर विमा कंपनीच्या मंजुरीची वाट. "अप्रूव्हल आलं का?" हे वाक्य त्या काळात आमच्या घरात "जेवलीस का?"पेक्षा जास्त वेळा बोलले गेले.

निदान सांगणाऱ्या डॉक्टर केरळच्या होत्या. साठीच्या जवळपासच्या, चष्मा टेबलावर काढून ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी तो शब्द उच्चारला आणि त्याच क्षणी श्रीकांतचा फोन वाजला. गाडीच्या पार्किंगची मुदत संपत आल्याचा संदेश होता.

"एक मिनिट, मॅडम. पार्किंग वाढवतो," तो म्हणाला.

तो फोनवर अक्षरे दाबू लागला. चुकली. पुसली. पुन्हा चुकली. डॉक्टर शांतपणे थांबल्या. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि गाडीचा क्रमांक लिहून संदेश पाठवला. उत्तर आले: आणखी एक तास मिळाला आहे. ते वाचून आम्ही दोघांनीही डॉक्टरांकडे पाहिले, जणू आता त्या पुढे बोलू शकतात.

सगळ्यांचा एक प्रश्न

ज्यांना हा आजार होईल त्यांनी या प्रश्नाची तयारी ठेवावी. पुण्याच्या माझ्या मावशीने फोनवर बराच वेळ आढेवेढे घेतले आणि शेवटी विचारले, "अगं, पण तू कधी… म्हणजे होस्टेलला वगैरे असताना… चोरून?"

"मावशी, चोरून मी फक्त चिंचा खाल्ल्यात."

ती हसली आणि मग रडली. मी सिगारेट ओढली नाही. श्रीकांतनेही नाही. पण फुप्फुसाचा आजार म्हटले की लोक आधी तुमचा गुन्हा शोधतात. त्यात दुष्टपणा नसतो, हे मला पुढे समजले. कारण सापडले की त्यांना स्वतःपुरते सुरक्षित वाटते, एवढेच.

डॉक्टरांनी मात्र तो प्रश्न एकदाच विचारला आणि पुढे गेल्या. कधी कारखान्यात काम केले आहे का? धुराच्या चुलीवर स्वयंपाक? आणि मग, "घराचा काही भाग जमिनीखाली आहे का?"

श्रीकांतचा चेहरा त्या दिवशी प्रथमच थोडा खुलला. "आहे ना, मॅडम. बॅक रूम पूर्ण डोंगरात आहे. समरमध्ये एसी नाममात्र लागतो."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी जे सांगितले ते मला नवीन नव्हते. वर्गात मी ते चार ओळींत शिकवले होते. खडकात आणि मातीत युरेनियमचा अंश थोडाफार सगळीकडे असतो. त्याचे अतिशय सावकाश विघटन होत असते आणि त्या साखळीत रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो. बंद घरात, विशेषतः जमिनीला टेकलेल्या खोलीत, तो फटींतून शिरतो आणि साचतो. वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिला तर तो फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होऊ शकतो.

"होऊ शकतो," मी म्हटले. "म्हणजे झालाच असे नाही."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे कशामुळे झालं, ते कोणतंही यंत्र सांगणार नाही. घर मोजून घ्या. पण ते तुमच्यासाठी नाही. त्या खोलीत आता कोण झोपतं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना उत्तर आमच्या तोंडावरून कळले असावे.

खोकी

येथे आमच्या घराविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे.

आखातात राहणाऱ्या आपल्या लोकांना वस्तू वेष्टनात ठेवण्याची सवय असते. मिक्सर आणला की त्याचे खोके फेकायचे नाही. टीव्हीचे खोके, त्यातील थर्माकोलसकट, कपाटावर. रिमोटला प्लास्टिकचे आवरण. फ्रीजच्या दारावरचा कागद जसाच्या तसा. का? तर एक दिवस सगळे बांधून परत जायचे आहे, तेव्हा लागेल. आम्ही आलो ते "दोन वर्षांसाठी". तेव्हा सई कडेवर होती. पुण्याला हौसेने घेतलेला फ्लॅट तेव्हापासून आमची वाट पाहतो आहे आणि येथल्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर दुकानातले प्लास्टिक अजून तसेच. श्रीकांत या बाबतीत फार काटेकोर. खोक्यांवर तो आतल्या वस्तूचे नाव, बाण आणि "ही बाजू वर" असे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतो.

रेडॉन मोजायची डबी मी एका परदेशी प्रयोगशाळेकडून मागवली. काळ्या प्लास्टिकची, पेढ्याएवढी. तिच्या आत एक लहानशी पट्टी असते. वायूच्या विघटनातून उडणारे कण त्या पट्टीवर अतिसूक्ष्म ओरखडे काढतात. तीन महिने खोलीत टांगून ठेवायची आणि परत पाठवायची. प्रयोगशाळेत ते ओरखडे मोजतात. डबी येते ती चंदेरी पाकिटात. मी पाकीट उघडले, डबी दोऱ्याने छतापासून खाली श्वासाच्या उंचीवर सोडली आणि सईला तात्पुरते हॉलमध्ये हलवले.

"आई, आय कान्ट स्लीप ऑन धिस," दुसऱ्या सकाळी सई डोळे चोळत म्हणाली. "कूस वळले की सोफा वाजतो. इट्स लाइक स्लीपिंग इन अ चिप्स पॅकेट."

"तीन महिने, बाळा. मग कळेल."

त्याच दिवशी मी पहिल्या केमोसाठी दुबईला गेले.

करामा

श्रीकांतची मोठी बहीण, वैशालीताई, दुबईतच करामा भागात एका जुन्या इमारतीत राहतात. खाली एक उडुपी हॉटेल, शेजारी न्हावी, समोर बसथांबा. केमोच्या प्रत्येक फेरीनंतर काही दिवस मी त्यांच्याकडे असे. डोशाचा वास खिडकीतून वर आला की मी नाकाला रुमाल लावत असे. ताई खिडकी लावून घेत आणि मुगाची पातळ खिचडी, फोडणीशिवाय, माझ्यापुढे ठेवत.

"वडा नको, डोसा नको, नुसतं मऊ मऊ. मेधा, करामात राहून उपास करणारी तू पहिलीच बघ."

"ताई, हसवू नका. खोकला येतो."

"मग रडवू? ते तर माझा भाऊ करतोच आहे. रोज फोन करतो आणि बोलत काहीच नाही. नुसता श्वास ऐकायचा. मी म्हटलं, बाबा रे, बिल येतंय, काहीतरी बोल."

केमोच्या दालनात माझी खुर्ची बहुधा खिडकीजवळची असे. माझी शीर सहज सापडत नसे. तेथील फिलिपिनो परिचारिकेने एक युक्ती केली. रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरले, तोंड बांधले आणि तो फुगलेला हात माझ्या मनगटावर ठेवला. "नाउ यू हॅव समवन टु होल्ड हँड," ती म्हणाली. शीर वर आली. मी तो मोजा पुढचा बराच वेळ सोडला नाही, पाणी गार झाल्यावरही.

केस गेले तेव्हा आमच्या शेजारीण उम्म हमद घरी आल्या. त्या इमाराती, म्हणजे मूळच्या येथल्याच; आमच्या आणि त्यांच्या घरात एक भिंत. या भागातील बायकांसारखे त्यांचे हिंदी मोडके पण धीट आहे. त्यांनी आपली काळी शेला, म्हणजे डोक्यावरून घ्यायची ओढणी, आणली आणि माझ्या डोक्याभोवती ती कशी घ्यायची हे आरशापुढे उभे करून शिकवले. एकदा, दोनदा. चुकले की सोडून पुन्हा. मी इतकी वर्षे शिक्षिका आहे. इतक्या सोशिकपणे मला स्वतःला शिकवता आले असते की नाही, शंका आहे.

"खलास!" झाले, अशा अर्थाने त्या मागे सरून म्हणाल्या. "अब तुम हमारा हो गया. अब तुम्हारा आदमी को बोलो दूसरा पासपोर्ट बनाओ."

चांगली बातमी

डबी उतरवून प्रयोगशाळेला पाठवण्याचे काम श्रीकांतने केले, कारण मी करामाला होते. मधल्या काळात घरी असतानाही मी त्या बंद ठेवलेल्या खोलीत गेले नव्हते. निकाल त्याच्याच फोनवर आला. त्याने खाणीतून मला फोन केला. मागे यंत्रांचा खडखडाट होता आणि तो ओरडत होता.

"मेधा, काही नाही! ऑलमोस्ट निल! आपली खोली क्लीन आहे. ऐकतेस ना? सईला काही नाही!"

मग खडखडाटच ऐकू येत राहिला. तो रडत होता. लग्नानंतर त्याला असे रडताना मी प्रथमच ऐकले. ताईंनी खालून जिलबी मागवली. माझ्या तोंडाला तेव्हा सगळ्याची चव लोखंडासारखी लागत असे. तरी मी एक पूर्ण वेटोळे खाल्ले. त्या दिवशी माझा आजार मला अगदी पेलण्यासारखा वाटला. जे आहे ते माझ्यापुरते आहे, माझ्यापाशी संपणारे आहे, एवढे कळले की माणसाला बरेच सोसता येते.

सई आपली उशी घेऊन मागच्या खोलीत परत गेली. बारावीचे वर्ष, खोली शांत आणि गार. दार लावून ती रात्रंदिवस तेथेच अभ्यास करू लागली.

फारच चांगली संख्या

केमोच्या फेऱ्या संपल्या आणि वाचण्याइतकी ताकद आली, तेव्हा मी तो निकाल प्रथम स्वतः उघडला. सवय अशी, की विद्यार्थ्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा फार चांगले आले तर मी आधी त्याची पद्धत तपासते. रेडॉन मोकळ्या हवेतही थोडा असतो. आमच्या बंद खोलीतील संख्या मोकळ्या हवेपेक्षाही कमी होती. हे शक्य नाही. विहिरीतील पाणी समुद्रापेक्षा खारट निघाले तर जितके चक्रावायला होईल तितकी मी चक्रावले.

श्रीकांत नुकताच कामावरून आला होता आणि चहा घेत होता.

"ती डबी उतरवलीस तेव्हा कशी होती रे?"

"कशी म्हणजे? एकदम ब्रँड न्यू. एक कण धूळ बसू दिली नाही तिच्यावर."

"ते कसं काय?"

"अगं, तू दुबईला गेलीस आणि काय वारा सुटला! सगळ्या घरभर पावडर. म्हटलं, परत पाठवायची वस्तू आहे, खराब झाली तर लॅबवाले काय म्हणतील? तिचंच पाकीट होतं ना, जपून ठेवलं होतं मी. त्यात घातली, झिप लावली, वर सेलोटेप मारली आणि तुझ्याच दोऱ्याला परत टांगली." तो माझ्याकडे वळला. "का गं?"

मी माझा कप खाली ठेवला. "श्रीकांत, तो वायू त्या पाकिटातून आत जात नाही. त्यासाठीच तर ते पाकीट असतं."

मागच्या खोलीतून सईचा आवाज येत होता. ती काहीतरी मोठ्याने पाठ करत होती. श्रीकांत त्या दाराकडे पाहत राहिला. मग उठला.

"सई, बाहेर ये."

"बाबा, आय हॅव अ मॉक टुमॉरो."

"बाहेर ये म्हटलं ना!"

त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती दारात आली. तो तिच्या बाजूने आत शिरला, गादी गुंडाळली, पुस्तकांचे ढीग छातीशी धरून हॉलमध्ये आणून टाकू लागला. एक खेप, दुसरी, तिसरी. शेवटी त्याने तिचा पलंगच ओढायला घेतला आणि तो दारात अडकला. तेव्हा तो तेथेच खाली बसला.

मी चिडले होते, हे लिहिले नाही तर लेख खोटा होईल. पण माझा राग सईच्या त्या अधिकच्या महिन्यांचा नव्हता. या बाबतीत वर्षे मोजायची असतात, महिन्यांनी फार फरक पडत नाही, हे मला माहीत होते. आता पुन्हा तीन महिने थांबावे लागणार होते, त्याचा तो राग होता. निरोगी माणसाला तीन महिने म्हणजे एक चाचणी परीक्षा. माझ्याजवळ असे किती तीन महिने शिल्लक आहेत, हे मला कोणी सांगत नव्हते, आणि त्यातले एक त्या चंदेरी पाकिटात गेले होते. मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते, असे तो नंतर म्हणाला.

दुसरी डबी मी स्वतः टांगली. खोली नेहमीसारखी बंद, एसी नेहमीसारखा चालू. आत कोणी नाही. श्रीकांत दारापाशी उभा राहून लांबूनच तिच्याकडे पाहत असे, आजारी माणसाकडे पाहावे तसा.

यावेळी निकाल आला तो माझ्या फोनवर. उपाय करायलाच हवा असे ज्या पातळीला सांगतात, तिच्या कितीतरी पट.

"जस्ट टेल मी द नंबर, आई."

मी सांगितला. सईने बोटांवर वर्षे मोजली. "सिन्स केजी टू," ती म्हणाली. "दॅट्स बेसिकली माय होल लाइफ." आणि मग माझा चेहरा पाहून मराठीत, "असू दे गं, आई. मी तर बहुतेक वेळ शाळेतच असायचे."

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. त्या तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावे तशा बोलल्या. आता खोली सोडली आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. सिगारेट आयुष्यात कधीही नाही. आज कोणत्याही तपासणीची गरज नाही. पुढे काही होण्याची शक्यता थोडी वाढली असेल, पण ती शक्यता कमीच आहे.

"कमी म्हणजे नाही ना, मॅडम?" श्रीकांतने विचारले.

"कमी म्हणजे कमी," त्या म्हणाल्या. त्यांच्या जागी मीही हेच म्हटले असते.

उम्म हमद यांच्या बैठकीत

कंपनीने बऱ्याच पत्रव्यवहारानंतर माणसे पाठवली. मागच्या खोलीची फरशी उकरली तेव्हा सांडपाण्याच्या नळाभोवती तळहात जाईल एवढी फट निघाली. तिच्याखाली तडकलेला खडक. त्यांनी फरशीखाली एक नळी सोडली, ती छताच्या वर नेली आणि तिला एक लहान पंखा बसवला. खालची हवा तो वरच्यावर ओढून बाहेर टाकतो. फटी बुजवल्या. पुन्हा मोजले तेव्हा संख्या उतरली होती. उपाय एवढा साधा असतो. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

मग उम्म हमद यांच्या बैठकीच्या खोलीत वस्तीतील बायका जमल्या आणि मी जमिनीवर बसून पाठ घेतला. उम्म हमद यांनी खजूर फिरवले आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"सिस्टर, ये गॅस जिन्न माफिक है? दिखता नहीं, बोलता नहीं, घर में बैठता है?"

"जिन्न को गिन नहीं सकते. इसको गिन सकते हैं."

"तो हमारा सास माफिक है," कोपऱ्यातून एकजण म्हणाली, आणि सगळ्या इतक्या हसल्या की मला थांबावे लागले.

त्यांना जे सांगितले तेच तुम्हालाही सांगते. डबी सर्वांत खालच्या, रोज वापरातल्या खोलीत टांगा. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात नको, खिडकीजवळ नको. बसल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर असू द्या. पाकिटातून पूर्ण बाहेर काढा. धूळ बसली तर बसू द्या. हलवू नका, पुसू नका, झाकू नका. पाकीट लागते ते फक्त परत पाठवताना. आणि शेजाऱ्याचा आकडा पाहून आपल्या घराविषयी काही ठरवू नका, कारण प्रत्येक घराखालची जमीन वेगळी असते. वस्तीचे नाव मी दिले नाही ते याचसाठी. ते वाचून कोणी घाबरले असते आणि त्याहून अधिक लोक निर्धास्त झाले असते.

हा शेवटचा नियम मी सांगितला, आणि तो पाळणे मलाच कठीण गेले. उम्म हमद यांच्या घरात डबी उघडी टांगली होती, मी स्वतः पाहिले होते. तोच नकाशा, तोच कंत्राटदार, तोच डोंगर. आमच्यात एक भिंत. त्यांचा निकाल चांगला आला. खरोखर चांगला. त्यांची धाकटी चार मुले तशाच मागच्या खोलीत झोपतात. त्या हरीसची, म्हणजे गहू आणि मांस घोटून केलेल्या लापशीची, थाळी घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. अशा वेळी तोंडून सहज निघणारा ईश्वराच्या आभाराचा शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारला नाही.

"तुम्हारा क्यूँ, सिस्टर? हमारा क्यूँ नहीं?"

मी फटीविषयी आणि खडकाविषयी सांगितले. ते उत्तर बरोबर होते. थाळी आत नेऊन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले आणि त्या मुलांचा हेवा करत उभी राहिले. आजारपण माणसाला उदार करते असे लिहिलेले मी पुष्कळ वाचले आहे. मला त्याने काही काळ अतिशय कोते केले. तोही काळ सरतो.

सोफा

पुढच्या तपासणीत दुसऱ्या फुप्फुसात आणि यकृतात डाग दिसले. आता जे औषध चालू आहे ते आजार रोखून धरण्यासाठी आहे. "बरे होणे" हा शब्द डॉक्टरांनी वापरणे कधी थांबवले, ते माझ्या ध्यानात आले नाही. श्रीकांतच्या आले होते.

सईला पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. ती आमच्या फ्लॅटमध्ये राहील; ज्यात आम्ही तिघे परत जाणार होतो, त्याच. तिचे सामान काय काय न्यायचे ते आम्ही हॉलमध्ये काढत होतो. श्रीकांत स्टुलावर चढला आणि त्याने कपाटावरची खोकी एकेक करून खाली घेतली. मिक्सर, टीव्ही, इस्त्री. प्रत्येकावर त्याच्या अक्षरातला बाण. ती त्याने क्षणभर पाहिली, आणि मग सुरीने कडा कापून एकेक सपाट केली.

"बाबा, ती लागतील ना परत जाताना?" सई म्हणाली.

"नाही लागणार," तो म्हणाला.

त्यानंतर तो स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आला आणि त्याने सोफ्यावरचे प्लास्टिक कापले. ते पिवळट आणि कडक झाले होते. तुकडे पडत निघाले. खालचे कापड गडद निळे होते. आम्हाला तिघांनाही ते राखाडी असल्याचे आठवत होते.

सईने त्यावर मांडी घातली, हाताने कापड चाचपले, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे कलून पाहिले. "इट डझन्ट मेक अ साउंड," ती म्हणाली. मग चहा करायला आत गेली.

आम्ही दोघे सोफ्यावर बसलो. मागच्या खोलीच्या छतावर बसवलेला पंखा त्याच्या बारीक आवाजात फरशीखालची हवा वर ओढत होता. समोरची खिडकी उघडी होती. हल्ली ती उघडीच असते.

"मेधा," श्रीकांत माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तिला काही होणार नाही ना?"

या प्रश्नाचे बरोबर उत्तर मला माहीत आहे. डॉक्टरांनी ते दिले होते आणि मी ते मान्य केले होते. "शक्यता कमी" असे लिहायच्या ठिकाणी "नाही" लिहिले म्हणून मी वर्गात आजवर कितीतरी मुलांचे गुण कापले आहेत.

"नाही," मी म्हटले. "काहीही होणार नाही."

त्याने मान हलवली आणि डोके मागे त्या निळ्या कापडावर टेकले. बाहेर वारा सुटला होता. खाणीची पांढरी धूळ खिडकीतून आत येत होती, सोफ्याच्या हातांवर बसत होती. ती पुसायला आम्हा दोघांपैकी कोणी उठले नाही.